माहेरचा पत्ता

वर्तमानपत्रातल्या सरकारी जाहिरातींत सगळ्यांत बारीक अक्षरात छापतात ती 'हरकती व सूचना' मागवणारी. निविदांची जाहिरात तिच्याहून मोठी असते, हरवलेल्या कुत्र्याचीसुद्धा मोठी असते. शासन अमुक एक माहिती गोळा करू इच्छिते, कोणाला काही म्हणायचे असल्यास तीस दिवसांत लेखी कळवावे, असा तो मजकूर. ती कोणी वाचत नाही, असा सगळ्यांचा समज आहे. मी अठ्ठावीस वर्षं तिला आलेली उत्तरं वाचते आहे, त्यामुळे लोक वाचतात हे मला ठाऊक आहे. हिवतापाच्या पाहणीवर मत विचारलं तर लोक गटाराबद्दल लिहितात, क्षयरोगाबद्दल विचारलं तर शेजाऱ्याच्या विडीबद्दल. एक गृहस्थ तर विषय कुठलाही असो, एसटी स्टँडवरच्या मुतारीबद्दलच लिहायचे. पण लिहायचे.

या पत्रांवर शेरा मारायचं काम माझं. मी हेमांगी साळवी, आरोग्य खात्याच्या पुण्यातल्या एका कार्यालयात कक्ष अधिकारी. शेरे चार. 'स्वीकारली', 'अंशतः स्वीकारली', 'फेटाळली' आणि सगळ्यांत जास्त वापरला जाणारा चौथा, 'दखल घेतली'. दखल घेतली म्हणजे पत्र वाचलं, फायलीला लावलं आणि विषय संपला. हा शेरा मारताना माझा हात कधी अडखळला नाही, एकदा सोडून. तेव्हाही अडखळला, पण थांबला नाही.

ती गोष्ट कंकणाची.

गरोदरपणात काही जणींचा रक्तदाब एकाएकी चढतो. डोकं दुखतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात आणि मग झटके येतात. कधी आई जाते, कधी मूल, कधी दोघंही. दाब मोजून हे कळतं, पण पुष्कळदा तोवर उशीर झालेला असतो, कारण दुखण्याचं मूळ असतं वारेत. वार नीट रुजली नाही, की ती आईच्या रक्तात काही द्रव्यं सोडते आणि त्यांनी रक्तवाहिन्या ताठर होत जातात. मऊ रबरी नळीत पाण्याचा धक्का जिरतो, ताठ नळीत तो लगेच दुसऱ्या टोकाला पोचतो आणि उलटून परत येतो. नाडीचंही तसंच आहे. तिच्या प्रत्येक ठोक्यामागे परतीचा एक बारीक ठोका असतो आणि वाहिन्या ताठरल्या की तो किंचित लवकर येतो. बोटाला हा फरक कधीच कळणार नाही. पण मनगटाच्या कातडीवर सतत हिरवा प्रकाश टाकून परतणारा उजेड मोजला, तर तो कळतो, आणि दाब चढायच्या तीन दिवस आधी कळतो. तीन दिवसांत बाईला कुठल्याही खेड्यातून मोठ्या दवाखान्यात नेता येतं.

त्या शोधातून बांगडी तयार झाली. वजनाला काचेच्या बांगडीएवढी, आतल्या बाजूला तीन हिरवे ठिपके. सरकारी नाव मातृकंकण, आम्ही नुसतं कंकण म्हणायचो. कंकणाला घंटा नव्हती, पडदा नव्हता. चारांतला एक इशारा खोटा निघायचा आणि घाबरलेल्या बाईचा दाब उगीचच चढायचा, म्हणून तज्ज्ञांनीच ठरवलं, की निरोप तिला जाऊ नये. तो जायचा तिचं नाव ज्या उपकेंद्रात नोंदलेलं असेल तिथल्या नर्सकडे. नर्स घरी जाऊन बाईला तपासणार आणि गरज वाटली तर दवाखान्यात नेणार.

२०३९च्या एप्रिलमध्ये जाहिरात निघाली. कंकणासाठी एकोणीस प्रकारची माहिती घ्यायचं योजलं होतं. नाव, महिना, नोंदणीचं केंद्र, फोन, दुसरा पत्ता, नवऱ्याचं नाव, आणि बाई कुठे आहे ते दर तासाला. सेहेचाळीस हजार हरकती आल्या. शहरांतल्या बायकांनी फार नेमकं लिहिलं होतं. गरोदर बाई कुठे जाते-येते हे सरकारला कशाला हवं, असं त्यांनी विचारलं होतं आणि ते बरोबरच होतं. दोन वर्षांपूर्वी अशीच एक यादी फुटली होती आणि ज्यांची मुलं पोटातच गेली त्यांनासुद्धा बाळाचे कपडे विकणाऱ्यांचे फोन येत होते. तो राग पत्रापत्रांतून दिसत होता. मी सगळ्यांवर 'स्वीकारली' असा शेरा मारला. एकोणिसाच्या तीन बाबी उरल्या: नाव, महिना आणि नोंदणीचं केंद्र. माझ्या नोकरीतलं हे सगळ्यांत चांगलं काम, असं मला वाटलं. आजही त्यातलं बरंचसं चांगलंच वाटतं.

सेहेचाळीस हजार पत्रं माणसांनी वाचायचे दिवस गेले होते. त्यासाठी यंत्र होतं, त्याला आम्ही चाळण म्हणायचो. चाळण हस्ताक्षरही वाचायची, सारख्या आशयाची पत्रं एकत्र करायची आणि जी तंतोतंत सारखी असतील त्यांची एकच हरकत धरायची. हा शेवटचा नियम मी सुचवलेला. मागे तंबाखूच्या नियमांवर विक्रेत्यांच्या एका संघटनेने एकच मजकूर तीस हजार वेळा पाठवला होता. अशा एकगठ्ठा हरकती एकच मोजाव्यात, अशी टिप्पणी मी लिहिली. वरिष्ठांनी बैठकीत माझं नाव घेऊन कौतुक केलं.

मुदत संपायला तीन दिवस असताना सांगोला तालुक्यातल्या चिंचणीवाडीहून एक पार्सल आलं. आत दोनशे चौदा कागद. सगळ्यांवर एकच हस्ताक्षर, एकच चार ओळी, फक्त खालच्या सह्या वेगळ्या आणि काही ठिकाणी अंगठे. चाळणीने सगळ्यांची मिळून एक हरकत केली आणि माझ्यापुढे एक कागद ठेवला.

दुसऱ्याच दिवशी त्या हस्ताक्षराच्या मालकिणीचा फोन आला. सारिका बंडगर, चिंचणीवाडीच्या आशाताई. गावातल्या गरोदर बायकांची नोंद ठेवणं आणि त्यांना तपासणीला नेणं हे त्यांचं काम. पार्सल पोचलं का, एवढंच विचारायला त्यांनी फोन केला होता. पोचलं म्हटल्यावर त्यांना धीर आला.

"बाई, आमच्या पोरींचं पयलं बाळंतपण माहेरी आसतंय," त्या म्हणाल्या. "सातव्या म्हैन्यात वटी भरली की पोरगी माहेरला जाती. नाव ऱ्हातंय सासरला. मग ती बांगडी कुणाला सांगणार? सासरची नर्सबाई येईल आन् कुलूप बगून माघारी जाईल. माहेरचा पत्ता बी लिवून घ्या की."

मी त्यांना समजावलं, की दुसरा पत्ता म्हणजे जास्तीची माहिती, आणि ती घेऊ नये असं अकरा हजार लोकांचं म्हणणं आहे. त्या म्हणाल्या, की आम्हीही दोनशे चौदा आहोत. नियमाप्रमाणे तुम्ही एक आहात, हे त्यांना सांगणं माझ्या जिवावर आलं. तुमची सूचना नोंदवून घेतली आहे, असं म्हणून मी फोन ठेवला.

त्या कागदावर दोन मिनिटं हात अडखळला. यातून मार्ग काढता आला असता. दुसरा पत्ता ज्या बाईला द्यायचा तिने द्यावा, असं एक वाक्य घालायचं होतं. पण मसुदा नव्याने फिरवावा लागला असता, मुदत वाढली असती. आणि खरं सांगायचं तर मला तो खेड्यापाड्यांतला प्रश्न वाटला. मी 'दखल घेतली' असं लिहिलं आणि सही केली.

कंकण यशस्वी झालं, हे सांगितलंच पाहिजे. दोन वर्षांत झटक्यांनी जाणाऱ्या बायकांची संख्या निम्म्यावर आली. दिल्लीहून लोक बघायला आले. मी घरी फोन करून शर्वरीला सांगायची, की बघ, तुझी आई कारकुनी करते पण जीव वाचवते.

शर्वरी माझी एकुलती एक. तिचे बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच होतो आणि ती लग्न होऊन धुळे जिल्ह्यात गेल्यावर मी एकटी. जावई निनाद पगारे तिथल्या सौरऊर्जेच्या प्रकल्पावर इंजिनियर. २०४१ला शर्वरीला दिवस राहिले. तिथल्या उपकेंद्रात नाव नोंदलं, हातात कंकण आलं. जानेवारीत सातव्या महिन्याची ओटी भरून निनाद तिला पुण्याला सोडून गेला. हिरव्या काचेच्या बांगड्यांत कंकण घातलं होतं. मी तिचा हात हातात घेऊन ते तीन ठिपके पाहिले आणि मला फार अभिमान वाटला.

माहेर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे खेडं यायचं. लाल मातीचा रस्ता, एसटी, डोक्यावर गाठोडं. मी स्वतः कोणाचं तरी माहेर आहे, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

फेब्रुवारीत एका सोमवारी शर्वरीचं डोकं दुखायला लागलं. उन्हातून आलीस म्हणून असेल, असं मी म्हटलं. मंगळवारीही दुखत होतं. ती म्हणाली, आई, आपण दवाखान्यात जाऊन येऊ या का. मोठा दवाखाना आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. तिची तपासणीची तारीख गुरुवारची होती.

"कंकण गप्प आहे ना," मी म्हटलं. "काही असतं तर एव्हाना फोन खणखणला असता. गुरुवारी जायचंच आहे."

कोणाचा फोन, कुठून खणखणणार, याचा विचार मी केला नाही. फोन नंबर त्या यादीतून मीच काढला होता. माझ्या मुलीने मला विचारलं आणि मी तिला बांगडीकडे बोट दाखवलं.

बुधवारी दुपारी चार वाजता आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो. शर्वरी म्हणाली, मला सगळं अंधुक दिसतंय, आणि तिच्या हातातलं ताट खाली पडलं. मग झटके आले. पंधरा मिनिटांत आम्ही दवाखान्यात होतो. शर्वरी वाचली. मुलगी झाली होती, ती वाचली नाही. बाळाचं जावळ दाट होतं, शर्वरीसारखं. मी तिला हातात घेतलं होतं.

अकराव्या दिवशी निनादचा फोन आला. तो दोन दिवसांपूर्वीच गावी परतला होता. शर्वरी जवळ आहे का, असं त्याने आधी विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाला, की उपकेंद्राच्या नर्सबाई भेटायला आल्या होत्या आणि रडत होत्या. कंकणाचा निरोप त्यांना त्या रविवारी सकाळी अकरालाच मिळाला होता. त्या दुपारी घरी गेल्या. व्याही आणि विहीणबाई लग्नाला गेलेले, निनाद कामावर, दाराला कुलूप. शेजारणीने सांगितलं, की सून पुण्याला माहेरी गेली आहे. सोमवारी नर्सबाई पुन्हा येऊन गेल्या. त्यांच्या यंत्रात पर्याय तीनच: 'भेट झाली', 'दवाखान्यात नेले', 'गावी नाही'. त्यांनी तिसरा निवडला आणि निरोप बंद झाला. माहेरच्या नर्सलाही निरोप गेला असेल असं त्यांना वाटलं. कोणालाही तसंच वाटेल. त्यांना बोल लावायला मला जागाच नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी जुनी फाईल उघडली. कागद होता. खाली माझा शेरा होता, सही होती, सही चांगली लफ्फेदार आली होती.

शर्वरीला सांगायचं की नाही, यावर मी चार दिवस घालवले. ती तेव्हा दूध बंद व्हायच्या गोळ्या घेत होती. कोणी सांगितलं नसतं तर तिला कळलंही नसतं. जगात ही गोष्ट फक्त मला माहीत होती, मला आणि त्या फायलीला. पण सकाळी चहा देताना ती मला म्हणायची, की तू होतीस म्हणून मी वाचले, आणि ते मला ऐकवेना. पाचव्या दिवशी मी कागदाची प्रत तिच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं.

तिने त्या चार ओळी वाचल्या. मग माझी सही पाहिली.

"तू वाचलं होतंस हे?"

"हो."

"त्या बाईंशी बोललीही होतीस?"

"हो."

प्रत माझ्याकडे परत देत ती म्हणाली, "मी मंगळवारी विचारलं होतं तुला." एवढंच.

भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. त्या शनिवारी निनाद आला आणि ती सासरी गेली. त्यानंतर आमचे फोन व्हायचे ते तब्येतीचे आणि हवेचे. पाडव्याला ये म्हटलं तर बघू म्हणाली. उन्हाळ्याचं विचारलं तरी तेच.

दर तीन वर्षांनी अशी माहिती पुढेही घ्यायची का, हे लोकांना पुन्हा विचारावं लागतं. २०४२च्या एप्रिलमध्ये कंकणाची जाहिरात परत निघाली. पहिल्याच दिवशी मी एक साधी नागरिक म्हणून हरकत पाठवली. सारिकाताईंच्या त्याच चार ओळी. त्यांच्याहून चांगलं मला लिहिता आलं नसतं आणि शब्द बदलायचा मला हक्क आहे असंही वाटेना. दोन मिनिटांत चाळणीचं उत्तर आलं: "आपल्या हरकतीशी तंतोतंत जुळणारी हरकत यापूर्वी निकाली काढण्यात आली आहे. शेरा: दखल घेतली. सही: हे. सा., कक्ष अधिकारी."

वरिष्ठांकडे जाऊन एकगठ्ठ्याचा नियम बदला असं म्हटलं. ते सज्जन आहेत, माझ्या घरी काय झालं ते त्यांना माहीत होतं. मुदत चालू असताना नियम बदलता येत नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि हळूच म्हणाले, साळवीबाई, नियम तुमचाच आहे. माझी मुलगी या प्रकरणात असल्यामुळे शेरे मारायचं काम त्यांनी दुसऱ्या अधिकाऱ्याकडे दिलं. तेही योग्यच होतं. मी रजा टाकली आणि चिंचणीवाडीला गेले.

सारिकाताई अंगणवाडीत भेटल्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, चष्म्याच्या दांडीला दोरा बांधलेला. मी कोण ते सांगितलं, माझ्या नातीचं सांगितलं. त्या आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. गेल्या वर्षी त्यांच्या गावची एक लेक माहेरी येऊन अशीच गेली होती. बांगडी हातात होती. तिचं नाव लता होतं, असं त्यांनी मला सांगितलं.

मग मी विचारलं, सगळ्या कागदांवर एकच मजकूर का लिहिलात? प्रत्येकीने वेगळं लिहिलं असतं तर यंत्राने दोनशे चौदा मोजल्या असत्या.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं.

"बाई, जलमभर आमी हापिसात अर्ज घिऊन जातोय," त्या म्हणाल्या. "नमुन्यात न्हाई, नमुन्यात न्हाई म्हणून माघारी लावत्यात. एक शबुद इकडचा तिकडं झाला तर घेत न्हाईत. म्हणून मी एक नमुना केला आन् धा दिवस बसून दोनशे चौदा बारी हातानं उतरला. एक बी चूक हुं दिली न्हाई."

तंतोतंत सारखं असल्याशिवाय आम्ही घेत नव्हतो, आणि तंतोतंत सारखं आलं म्हणून मी ते एक मोजलं. मी त्यांची माफी मागितली. आता काय करायचं ते सांगा, असं त्या म्हणाल्या.

अंगणवाडीच्या पडवीत आम्ही नऊ दिवस बसलो. सकाळी मुलं घरी गेली की बायका यायच्या. जिला जे वाटेल ते ती बोलायची, मी तसंच उतरून घ्यायची आणि वाचून दाखवायची. एकीने बांगडीचं सोडून नणंदेबद्दलच सांगितलं. एकीने सरकारला शिव्या घातल्या, त्याही लिहिल्या. लताच्या आईने फक्त आपल्या गावाचं नाव, घराची खूण आणि दवाखाना किती लांब आहे ते सांगितलं. सह्या करताना एक म्हातारी म्हणाली, एवढं बोलल्यावर आता घेतील का. मी हो म्हणाले नाही. एकशे अठ्ठ्याण्णव पत्रं झाली. जुन्या दोनशे चौदांतल्या काही जणी गाव सोडून गेल्या होत्या, काही हयात नव्हत्या. चाळणीने एकशे अठ्ठ्याण्णव वेगवेगळ्या हरकती मोजल्या.

हे सगळं मी शर्वरीला फोनवर सांगितलं होतं. तिने ऐकून घेतलं, सारिकाताईंचा पत्ता विचारला आणि फोन ठेवला.

निकाल जाहीर व्हायच्या आठवड्यात, जूनमध्ये, पोस्टमनने एक पाकीट आणून दिलं. पाकीट आमच्याच ऑफिसचं. हाताने लिहिलेल्या हरकतींचं उत्तर आम्ही अजून टपालाने पाठवतो. मला वाटलं माझंच असेल. पत्ता पाहिला. सौ. शर्वरी निनाद पगारे, द्वारा हेमांगी साळवी, आणि खाली माझं घर, मजला, गल्ली, सगळं.

नमुन्यात शेवटी एक रकाना असतो, 'उत्तर कोणत्या पत्त्यावर पाठवावे'. माझ्या मुलीने स्वतःची हरकत स्वतःच्या हाताने लिहिली होती आणि त्या रकान्यात माझा पत्ता घातला होता.

मी ते पाकीट उघडलं नाही. तिने काय लिहिलं ते मला माहीत नाही आणि आत चारांतला कुठला शेरा आहे तेही नाही. अर्धा तास ते मांडीवर घेऊन बसले, मग तिला फोन केला.

"तुझं पत्र आलंय," मी म्हटलं.

"हो का," शर्वरी म्हणाली. अजून उघडलं नाही, असं मी सांगितलं. मग ती म्हणाली, "असू दे तिथेच. मी येऊन उघडते."